वाळूवरचा पिंड

फार पूर्वी, शूर्पारक बंदरावर राजा महेंद्रकेतूची सत्ता होती त्या काळी, बोधिसत्त्वाने कावळ्याच्या कुळात जन्म घेतला होता. कावळा म्हटल्यावर कुणी नाक मुरडू नये. त्या बंदरातून निघणारे एकही गलबत कावळ्यावाचून निघत नसे. भर समुद्रात चोहीकडे पाणीच पाणी झाले आणि तांडेलाला दिशा कळेनाशी झाली, की तो डोलकाठीला बांधलेला कावळा सोडी. कावळा उंच चढून चारी बाजूंना पाही. जमीन दिसली तर सरळ तिकडे उडे आणि गलबत त्याच्यामागून जाई. दिसली नाही तर निमूट परत येऊन डोलकाठीवर बसे. अशा पक्ष्याला दिशाकाक म्हणत. गलबताला वाट दाखवणारा जो तांडेल, त्याच्याच हातून तो खाई. बाकी कुणी पंचपक्वान्ने पुढे केली तरी चोच लावत नसे.

बोधिसत्त्व असा एक दिशाकाक होता. वय झालेले, पिसांचा रंग उडालेला, डाव्या पायाचे एक बोट नसलेले. त्याचा तांडेल वरुणदत्त त्याला लाडाने म्हातारबा म्हणे.

वरुणदत्ताचे लग्न वेलावतीशी ठरले होते. ती दोर वळणाऱ्या भद्रकाची मुलगी. बाप चार वर्षांपूर्वी वारल्यावर दोरांचे काम तिनेच हाती घेतले होते. काथ्या वळून वळून तिचे तळवे खरबरीत झालेले होते आणि ते तिला मुळीच लपवावेसे वाटत नसत. नगरश्रेष्ठीचा मुलगा रत्नचूड एकदा तिच्या अंगणात उभा राहून म्हणाला होता, ‘‘या हातांना मेंदी शोभेल, काथ्या नाही.’’ ती म्हणाली, ‘‘मेंदी वाळेपर्यंत बसून राहायला मला सवड नाही.’’ शेजारच्या बायका हसल्या. रत्नचूडही हसला, पण त्याचे कान लाल झाले ते कुणाच्या नजरेतून सुटले नाही. मागेल ते मिळायची सवय असलेल्या माणसाला नकार पचत नाही. तो पचवत बसला आणि त्याचे विष झाले.

त्या वर्षी रत्नचूड पहिल्यांदाच बापाच्या गलबतावरून सफरीला निघाला. तांडेल वरुणदत्त होता. चार महिन्यांनी गलबत परतले ते वरुणदत्तावाचून.

धक्क्यावर उतरताच रत्नचूडाने हंबरडा फोडला. शंभर खडक नावाची बेटे लागली, दाट धुके होते, प्यायचे पाणी संपत आले होते, म्हणून तो आणि वरुणदत्त दोघेच होडी घेऊन पाणी शोधायला गेले, असे त्याने सांगितले. वाटेत एका माणूसखाऊ माशाने वरुणदत्ताला होडीतून ओढले. आपण उडी टाकली, झुंजलो, पण मित्र हाताला लागला नाही. एवढे सांगून त्याने बाही वर केली. दंडावर लांबच लांब जखम होती. खलाशी माना डोलावत रडत होते, कारण होडी दोघांना घेऊन धुक्यात गेली आणि एकाला घेऊन परतली, एवढे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. पुढे तांडेल नसलेले ते गलबत म्हातारबाने घरी आणले. पण कावळ्याचे कौतुक कोण करतो? राजाने रत्नचूडाला हार घातला, ‘समुद्रवीर’ ही पदवी दिली आणि डोक्यावर पांढरे छत्र धरायला दिले. रत्नचूडाने मित्राची आठवण म्हणून म्हातारबाला चांदीच्या पिंजऱ्यात घालून घरी नेले. लोकांचे डोळे पुन्हा भरून आले.

वेलावती त्या दिवशी रडली नाही. तिला रडायला झालेच नाही. ती घरी गेली आणि अर्धा राहिलेला दोर वळू लागली.

दहाव्या दिवशी पिंडदान होते. वरुणदत्ताला म्हाताऱ्या आईखेरीज कुणी नव्हते, तेव्हा रत्नचूड पुढे झाला. ‘‘मीच त्याचा भाऊ,’’ तो म्हणाला. सगळे गाव समुद्रकाठी लोटले. वाळूवर पळसाचे पान मांडून पुरोहिताने भाताचा पिंड ठेवायला लावला आणि सगळे मागे सरून कावळ्यांची वाट पाहू लागले. कावळा पिंडाला शिवला की मेलेल्याचा जीव सुटला, तो शिवला नाही तर त्याची काही इच्छा मागे राहिली, हे तिथल्या पोरासोरांनाही ठाऊक होते.

कावळे आले. एक आला, दहा आले, मग मोजता येईनात इतके आले. गलबतांच्या डोलकाठ्यांवर, धक्क्याच्या कडांवर, उलथ्या ठेवलेल्या होड्यांच्या पाठींवर ते ओळीने बसले. एकही काव काव करीत नव्हता. आणि एकही खाली उतरत नव्हता.

‘‘इच्छा राहिलीय त्याची,’’ पुरोहित हळूच म्हणाला. ‘‘काहीतरी कबूल करा.’’

रत्नचूड हात जोडून पुढे झाला. ‘‘वरुणा, तुझ्या आईला मी सांभाळीन.’’ कावळे बसून राहिले. ‘‘तुझ्या नावानं धक्क्यावर पाणपोई घालीन.’’ कावळे बसून राहिले. ‘‘नव्या गलबताला तुझं नाव देईन.’’ ऊन डोक्यावर आले. वाळू तापून पाय भाजू लागले, तरी लोक जागचे हलेनात.

तेव्हा खलाशांपैकी एक वयस्कर माणूस म्हणाला, ‘‘त्याचा जीव वेलावतीत अडकला असेल. तिचं काय होणार, हीच काळजी असेल बिचाऱ्याला.’’

सगळ्यांना ते पटले. त्या गावच्या माणसांना हेच पटणार होते. मेलेल्याची इच्छा काय, एवढेच ते शोधत राहिले. माणूस मेला आहे का, हा प्रश्न एकाच्याही मनात आला नाही.

रत्नचूडाने मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर दुःख होते, पण दुःखाच्या आतून काहीतरी चकाकले ते वेलावतीने पाहिले. तो मोठ्याने म्हणाला, ‘‘वरुणा, वेलावतीशी मी लग्न करीन. तिला काही कमी पडू देणार नाही.’’

त्या क्षणी किनाऱ्यावरचे सगळे कावळे एकदम एक पाऊल मागे सरकले.

लोकांच्या अंगावर काटा आला. पुरोहिताने घाईघाईने दर्भाचा कावळा केला आणि त्याची चोच पिंडाला लावून विधी आटोपला. पिंडासमोर दिलेला शब्द त्या गावात मोडत नसत, म्हणून लग्न ठरले असे सगळ्यांनी धरले. वेलावतीला कुणी विचारले नाही. तिच्या मनात मात्र पाल चुकचुकली होती.

त्या दिवसापासून शूर्पारकात कावळ्यांचा आवाज ऐकू येईनासा झाला. कावळे होते. नगरश्रेष्ठीच्या वाड्याच्या छपरावर ते दिवसभर बसून असत, सगळ्यांची तोंडे अंगणाकडे. रत्नचूड बाहेर पडला की निम्मे त्याच्याबरोबर निघत आणि तो थांबेल तिथे बसत. तो छत्राशिवाय पाऊल टाकीनासा झाला. लोकांना वाटले, पदवीचा तोरा.

आणि पिंड वाळूवर तसाच राहिला. मुंग्या त्याला वळसा घालून जात. कुत्री लांबूनच हुंगून परत फिरत. भरतीचे पाणी पानाच्या कडेपर्यंत येई आणि दोन बाजूंनी मागे जाई. वरुणदत्ताची आई रोज सकाळी तिथे येऊन बसे. पहिले चार दिवस ती रडली. पाचव्या दिवशी वेलावती तिच्यासाठी पेज घेऊन गेली, तेव्हा म्हातारी डोळे पुसून पिंडाकडे टक लावून पाहत होती.

‘‘पोरी, हात लाव,’’ ती म्हणाली.

‘‘मावशी, पिंडाला कसा हात लावू?’’

‘‘लाव तर खरं.’’

वेलावतीने बोट टेकवले. पाच दिवसांचा भात उघड्यावर पडलेला. तो आंबलेला नव्हता, वाळलेला नव्हता. नुकताच वाफेवरून उतरवल्यासारखा ऊन होता.

मग म्हातारीने पेज मागून घेतली आणि पंधरा दिवसांत पहिल्यांदा पोटभर खाल्ले. वेलावती उठली, पदर खोचला आणि सरळ नगरश्रेष्ठीच्या घरी गेली.

ठरलेली सून म्हणून तिला कुणी अडवले नाही. दुपारची वेळ होती, घरातली माणसे जेवून आडवी झाली होती. ओसरीत चांदीच्या पिंजऱ्यात म्हातारबा बसला होता. पुढ्यात दूधभात, तळलेले मासे, काय काय मांडलेले होते आणि त्यावर माश्या बसल्या होत्या. पाण्याशिवाय त्याने काही घेतलेले नव्हते. पिसांखाली हाडांचा सापळा उरला होता.

‘‘म्हातारबा,’’ ती जवळ वाकून म्हणाली, ‘‘तो आहे का रे?’’

कावळ्याने एका डोळ्याने तिच्याकडे पाहिले. मग अगदी हळू, माणसाच्या आवाजात, तो बोलला. वेलावती दचकली नाही. पाच दिवसांच्या गरम भाताला हात लावून आलेल्या बाईला आणखी कशाने दचकवायचे?

‘‘कावळ्यांनी काय सांगितलं ते तू पाहिलंस,’’ तो म्हणाला.

‘‘कुठं आहे?’’

‘‘शंभर खडक सगळे सारखे दिसतात. धुकं होतं आणि मी डोलकाठीला बांधलेला होतो. वाट एकालाच ठाऊक आहे.’’

तिने ओसरीच्या आतल्या दाराकडे पाहिले. आत रत्नचूड झोपला होता, घोरण्याचा आवाज येत होता. तिच्या हाताच्या मुठी वळल्या.

‘‘तुला काय हवंय, मुली?’’ कावळ्याने विचारले.

‘‘सगळ्या गावासमोर त्याचं पितळ उघडं पाडायचंय. ज्यांनी हार घातले त्यांच्या देखत. आणि मग त्याला मेलेला बघायचाय.’’

‘‘या दोन मागण्या झाल्या,’’ म्हातारबा म्हणाला. ‘‘दोन्ही मिळाल्या तर तिसरी जाईल.’’

वेलावतीने ते ऐकले, पण तिच्या कानात स्वतःचेच रक्त धडधडत होते. रागावलेल्या माणसाला आपल्या सोयीचे तेवढेच ऐकू येते. बोधिसत्त्वाला हे ठाऊक होते, म्हणून तो पुन्हा बोलला नाही. त्याने डोळे मिटले आणि तो भुकेला बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी वेलावतीने निरोप पाठवला, की लग्नाला ती तयार आहे, फक्त मांडव समुद्रकाठी हवा, वाळूवरच्या पिंडाशेजारी. ज्याच्या नावाने शब्द दिला त्याच्या साक्षीने लग्न व्हावे. म्हातारबालाही तिथे आणावे. रत्नचूडाच्या तोंडचे पाणी पळाले. पण नाही म्हणावे तर लोक कुजबुजणार, की समुद्रवीर कावळ्यांना भितो. शिवाय खुद्द राजा येणार होता. त्याने हसून होकार दिला आणि त्या दिवसापासून खिडक्या लावून घेऊन जेवू लागला.

लग्नाचा मुहूर्त भर दुपारचा होता. मांडवात राजा, नगरश्रेष्ठी, सगळे व्यापारी आणि खलाशी बसले होते. मांडवाबाहेर जिथे म्हणून बसता येईल तिथे कावळे बसले होते. वाजंत्रीवाल्यांनी दोनदा वाजवायला सुरुवात केली आणि दोनदा त्यांचेच हात थांबले. इतक्या डोळ्यांसमोर वाजवणार कसे?

वेलावतीने मेंदी लावलेली नव्हती. अंतरपाट धरण्याआधी ती राजापुढे हात जोडून म्हणाली, ‘‘महाराज, मला सासरी पाठवायला माझे वडील नाहीत. आधी त्यांना घास ठेवू द्या.’’

मागणी साधी होती. राजाने मान हलवली. तिने घरून आणलेल्या भाताचा पिंड केला, भद्रकाचे नाव घेतले आणि वरुणदत्ताच्या पिंडापासून दोन हातांवर तो ठेवला. तिने हात काढून घ्यायच्या आत कावळ्यांचा लोंढा खाली आला. पंखांच्या फडफडीने मांडवाचे कापड हलले. क्षणात पानावर शीतही उरले नाही. मग सगळे कावळे उडून आपापल्या जागी परत बसले. शेजारच्या पिंडाकडे एकानेही चोच वळवली नाही.

मांडवातल्या लोकांनी रिकाम्या पानावरून शेजारच्या पिंडाकडे पाहिले.

‘‘महाराज,’’ वेलावती म्हणाली, ‘‘कावळ्यांना भूक आहे. कावळ्यांना मेलेला माणूस कळतो. याच्या नावानं पाणपोई कबूल झाली, गलबत कबूल झालं, मीही कबूल झाले. मग आता याची कुठली इच्छा राहिलीय?’’

रत्नचूड मोठ्याने हसला. हसू फारच उंच लागले. ‘‘बायकांच्या मनात काय काय येतं,’’ तो म्हणाला. ‘‘पक्ष्यांवरून का कुणाची परीक्षा होते?’’

‘‘गलबतं तर पक्ष्यांवरूनच चालतात, शेठ,’’ मागून तो वयस्कर खलाशी म्हणाला. त्याचा आवाज बदललेला होता.

वेलावतीने पिंजऱ्याचे दार उघडले. म्हातारबा लंगडत बाहेर आला, पंख पसरले आणि वर चढला. शूर्पारकातल्या प्रत्येकाने दिशाकाक उडताना पाहिला होता. ते सगळे माना वर करून बघू लागले. तो उंच गेला, समुद्रावर गेला, मोठी मोठी वर्तुळे घेतली. पायाखाली एवढा किनारा, एवढे नगर पसरलेले असताना तो, कुठेच जमीन दिसली नाही की दिशाकाक जसा परततो, तसा परतला. आणि पंख मिटून रत्नचूडाच्या खांद्यावर बसला.

आपल्या पायाखाली जमीन नाही, असे या पक्ष्याने सगळ्या गावासमोर सांगितले, हे रत्नचूडाला कळले. तेव्हा म्हातारबा त्याच्या कानाशी लागून काहीतरी बोलला. शेजारी उभ्या असलेल्या वेलावतीखेरीज ते कुणालाही ऐकू गेले नाही. तो म्हणाला, ‘‘झऱ्याला अजून पाणी आहे.’’

रत्नचूड वाळूत गुडघ्यांवर बसला आणि बोलू लागला. एकदा सुरू झाल्यावर त्याला थांबता येईना. बेटावर झरा सापडला होता. वरुणदत्त वाकून पखाल भरत होता. ‘होडी धरून ठेव,’ असे त्याने सांगितले होते. आपण होडी धरली नाही, वल्हे टेकवून ती पाण्यात ढकलली. ‘‘आधी तो हसला,’’ रत्नचूड म्हणाला. ‘‘त्याला वाटलं मी गंमत करतोय. मग हाका मारायला लागला. धुक्यातून बराच वेळ ऐकू येत होत्या. नंतर मी दंड कालवांच्या खडकावर घासला.’’

म्हातारीने तोंडात पदर घातला. नगरश्रेष्ठी मान खाली घालून बसला होता, ती त्याने वर केली नाही. ज्यांनी समुद्रवीर म्हणून हार घातले होते तेच लोक दगड शोधू लागले. राजा उठून उभा राहिला. राजा काही वाईट माणूस नव्हता, पण भर सभेत फसवला गेलेला राजा होता.

‘‘जिवंत माणसाच्या नावानं पिंड घालणाऱ्याला या बंदरात शिक्षा ठरलेली आहे,’’ तो म्हणाला.

ती शिक्षा कुणी पाहिलेली नव्हती, पण सगळ्यांनी ऐकलेली होती. अशा माणसाचा त्याच्या देखत पिंड घालायचा. कावळा शिवला की तो मेला असे समजायचे. कुणी त्याच्याशी बोलायचे नाही, कुणी त्याच्याकडे पाहायचे नाही. बिनवल्ह्याच्या होडीत घालून ओहोटीबरोबर सोडून द्यायचे.

‘‘पिंड मी करते,’’ वेलावती म्हणाली.

ती भात मळू लागली. ‘आधी तो हसला,’ हे तिच्या डोक्यात घुमत होते. वरुणदत्ताचे हसणे तिला ठाऊक होते, एका बाजूने सुरू होणारे. ते हसणे कुठल्या क्षणी थांबले असेल, हे तिला पुन्हा पुन्हा दिसत होते. तिला रत्नचूड मरायला हवा होता. तिने इतके मनापासून आजवर काहीच मागितले नव्हते. तिने पिंड पानावर ठेवला आणि त्याचे नाव घेतले. कावळे भुकेले आहेत हे सगळ्यांनी आताच पाहिले होते. रत्नचूडाने डोळे मिटून घेतले.

पण कावळे हलले नाहीत. ते म्हातारबाकडे पाहत होते.

म्हातारबा रत्नचूडाच्या खांद्यावरून उतरला. उडायचे त्राण त्याच्यात उरले नव्हते. तो एक बोट नसलेल्या पायाने लंगडत, वाळूत तिरकी पावले उमटवत पिंडाशी गेला. महिनाभर पोटात कण नव्हता. भाताची वाफ त्याच्या चोचीला लागत होती. ज्याने त्याच्या तांडेलाला बेटावर सोडले, ज्याने त्याला पिंजऱ्यात घालून मिरवले, त्याचा पिंड समोर होता आणि एक घास घेतला की सगळ्याची भरपाई होणार होती. बोधिसत्त्वाने त्या पिंडाकडे बराच वेळ पाहिले. मग तो वळला, पिंडाकडे पाठ करून बसला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलला:

‘‘जिवंत माणसाचा पिंड कावळा खात नाही.
एक दूर बेटावर आहे, म्हणून त्याचा भात राहिला.
एक इथं वाळूत बसलाय, म्हणून याचाही राहील.
श्वास चालू आहे तोवर दोघांचीही वाट संपलेली नाही.’’

वाट, हा शब्द वेलावतीच्या कानावर पडला आणि तिला ओसरीतली ती दुपार आठवली. वाट एकालाच ठाऊक आहे. दोन्ही मागण्या मिळाल्या तर तिसरी जाईल. वाट ठाऊक असलेल्या एकाच माणसाला आपण आपल्याच हाताने मारत होतो, हे तिला कळले आणि ती घाबरली. तिचा राग कमी झाला नव्हता, मुळीच नाही. तरी ती पुढे झाली आणि तिने रत्नचूडाचा पिंड दोन्ही हातांनी पानावरून उचलला.

‘‘महाराज, कावळा शिवला नाही,’’ ती म्हणाली. ‘‘हा मेलेला नाही. याला माझ्याकडे द्या. याला वाट दाखवायचीय.’’

ओहोटीबरोबर बिनवल्ह्याची होडी जाणार होती, तिच्या जागी एक गलबत निघाले. त्याचे सगळे दोर वेलावतीने वळलेले होते आणि ती स्वतः त्यावर होती. नाळेवर, गलबताच्या पुढच्या टोकाला, रत्नचूड उभा होता. त्याच्या डोक्यावर छत्र नव्हते. खलाशी त्याच्याशी बोलत नसत, वेलावती त्याच्याकडे बघत नसे. तो हात करील तिकडे मात्र सुकाणू फिरे. बाराव्या दिवशी धुके लागले. धुक्यात शंभर काळे खडक उभे होते, एकासारखा एक. रत्नचूड दोन दिवस जेवला नाही, झोपला नाही, नुसता कान देऊन ऐकत राहिला. शेवटी एका खडकाकडे बोट करून तो रडत म्हणाला, ‘‘हाच. हाका इथूनच येत होत्या.’’

त्याच्या मुठीत घरून निघताना बरोबर घेतलेले तांदळाचे दाणे होते. रोज तो ते म्हातारबापुढे धरी आणि म्हातारबा रोज तोंड फिरवी. त्या दिवशी त्याने सवयीने हात पुढे केला. दिशाकाक गलबताला वाट दाखवणाऱ्याच्याच हातून खातो. म्हातारबा डोलकाठीवरून उतरला, त्याच्या मनगटावर बसला आणि एकेक दाणा टिपून खाऊ लागला.

वरुणदत्त झऱ्याजवळ सापडला. कालवे आणि शेवाळ खाऊन काडी झाला होता. वेलावतीला पाहून तो हसला, एका बाजूने सुरू होणारे तेच हसणे. त्याला बोट लावल्यावर तो खरा आहे याची खात्री पटली आणि मग ती रडली, चार महिन्यांचे आणि त्यापुढचेही. रत्नचूड लांब उभा होता. वरुणदत्त त्याच्याकडे पाहून म्हणाला, ‘‘परत आलास.’’ रत्नचूडाला जन्मभर तेवढे पुरले.

परतताना वरुणदत्ताने एक गोष्ट सांगितली. आपण एकटे नव्हतो, असे तो म्हणाला. गेला महिनाभर रोज भर दुपारी शेकडो कावळे येऊन समोरच्या खडकावर बसत. काही खात नसत, ओरडत नसत. नुसते त्याच्याकडे पाहत आणि ऊन कलले की निघून जात. खलाशांनी एकमेकांकडे पाहिले. तिथून सर्वांत जवळचा किनारा बारा दिवसांवर होता आणि कुठलाही कावळा एवढा पल्ला उडत नाही. वेलावतीने फक्त वेळ विचारून घेतली. ती शूर्पारकातल्या पिंडाची वेळ होती.

गलबत धक्क्याला लागले आणि वरुणदत्ताने वाळूवर पाय ठेवला, तेव्हा महिना-दोन महिने ऊन राहिलेला तो पिंड आपोआप विस्कटला आणि मुंग्या त्याला लागल्या. बंदरातला पहिला कावळा ओरडला. मग इतके ओरडले की म्हातारीला लेकाचे बोलणे ऐकू येईना.

श्रावस्तीच्या विहारात शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा सांगून संपवली, तेव्हा समोर भिक्षू आणि भिक्षुणी बसल्या होत्या. दाराशी अगदी शेवटी बसणारा एक भिक्षू होता. श्रीमंत घर सोडून आलेला, कुणाशी न बोलणारा. भिक्षेतला पहिला घास तो रोज कावळ्यांना ठेवी आणि ते खाईपर्यंत स्वतः खात नसे. का, असे विचारले तर त्याला सांगता येत नसे. त्याच्या या वेडाला भिक्षू हसत, म्हणूनच कथा निघाली होती.

शास्ता म्हणाले, ‘‘भिक्षूंनो, त्या वेळचा रत्नचूड तो दाराशी बसला आहे. त्याला हसू नका. वेलावती म्हणजे आजची भिक्षुणी सोमशीला. वरुणदत्त तिच्या पलीकडे बसलेला स्थविर धर्मकेतू, आणि त्याची म्हातारी आई म्हणजे रोज दारात पेज घेऊन येणारी उपासिका मेघा. राजा महेंद्रकेतू या नगराचा न्यायाधीश झाला आहे. आणि तो भुकेला दिशाकाक मी होतो. सत्य मी झाकले नाही, पण त्याला कुणाचा जीवही घेऊ दिला नाही. घास चोचीशी असताना पाठ फिरवून बसणे, याला क्षांती म्हणतात.’’

दाराशी बसलेल्या भिक्षूने मान खाली घातली होती. बाहेर अंगणात एक कावळा उतरला आणि उंबऱ्यावर येऊन त्याच्याकडे पाहत बसला. भिक्षूने पात्रातले चार दाणे तळहातावर घेतले आणि हात पुढे केला.